हवाई अंतर, रस्त्याचे अंतर आणि घड्याळाचे अंतर



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रवासखर्चाच्या बाबीवर एका जुन्या सभासदांनी उभे राहून प्रश्न विचारला होता. ताळेबंदाची पुस्तिका हातात धरून ते म्हणाले, "साहेब, पुणे गाव एकच हाय. मंग एका बिलात नागपूर-पुणे ६०५ किलोमीटर, दुसऱ्यात ७४२ आन् तिसऱ्यात ८८१, हे काहून? यातलं खरं कोनतं आन् खोटं कोनतं?" सभेत हशा पिकला. वेळ कमी होता, पुढचे विषय बाकी होते, म्हणून व्यासपीठावरून "नंतर खुलासा करू" एवढेच उत्तर गेले.

ते उत्तर बरोबर नव्हते असे आम्हाला वाटते. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. खर्च झालेला पैसा सभासदांच्या उसाचा आहे आणि एकाच प्रवासाचे तीन आकडे दिसले तर शंका यायलाच हवी. म्हणून या अंकात त्याचा सविस्तर खुलासा करीत आहोत. खुलासा लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की हा हिशेब विमानापुरता नाही. आपल्या उसाच्या ट्रॉलीलाही तो तसाच्या तसा लागू पडतो. ते शेवटी सांगतो.

तिन्ही आकडे खरे

आधी सरळ उत्तर. तिन्ही आकडे खरे आहेत. ६०५ हे विमानाचे, म्हणजे नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंतचे सरळ रेषेतले अंतर. ७४२ हा आपल्या जीपच्या लॉगबुकातला आकडा, कारखान्याच्या फाटकापासून मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या फाटकापर्यंतचा. आणि ८८१ हे रेल्वेचे अंतर, अजनी स्टेशनपासून पुणे स्टेशनपर्यंत.

हे असे का, ते आपल्या शिवारातच पाहा. विहिरीवरून समोरच्या कोपऱ्यातल्या आंब्यापर्यंत जायचे आहे. कावळा उडाला तर सरळ जाईल. आपण उभ्या पिकातून जाऊ शकत नाही, बांधाबांधाने जावे लागते, म्हणून आपली पावले जास्त पडतात. आणि बैलगाडी न्यायची असेल तर बांधही चालत नाही, गाडीवाटेने शेताला वळसा घालून जावे लागते. कावळा, माणूस आणि गाडी, तिघेही विहिरीवरून आंब्याखालीच पोचतात, पण तिघांची अंतरे तीन.

रेल्वेला चढउतार सोसत नाही. शिवाय रूळ ज्या काळी पडले त्या काळच्या गरजेप्रमाणे पडले. नागपूरहून गाडी वर्धा, बडनेरा, अकोला करीत भुसावळला जाते, तिथून जळगाव, मनमाड, आणि मग खाली वळून कोपरगाव, अहिल्यानगर, दौंडवरून पुण्याला येते. म्हणजे पुणे नैऋत्येला असताना गाडी आधी जवळजवळ सरळ पश्चिमेला जाते आणि मग दक्षिणेला उतरते. काटकोनाच्या दोन बाजू चालल्यासारखे. म्हणून ६०५ चे ८८१ होतात. १० ऑगस्ट २०२५ पासून या मार्गावर वंदे भारत गाडी सुरू झाली. ती हे अंतर सुमारे १२ तासांत कापते. गाडी नवी, वेगवान, पण वळसा जुनाच.

हवाई अंतर मोजतात कसे?

आता पुढचा प्रश्न. आकाशात तर मैलाचे दगड नाहीत. मग ६०५ हा आकडा आला कुठून? तो घरी बसून, कागद-पेन्सिल घेऊन काढता येतो. ज्यांची मुले नववी-दहावीत आहेत त्यांनी त्यांच्याकडून जरूर करून घ्यावा.

पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याचे ३६० अंश केले तर एक अंश १११ किलोमीटरचा. दक्षिणोत्तर जाताना हा हिशेब सगळीकडे जवळजवळ सारखा लागू पडतो. पूर्व-पश्चिम जाताना मात्र एक मेख आहे. आपले नागपुरी संत्रे सोलून पाहा. फोडी मधोमध रुंद असतात आणि देठाकडे निमुळत्या होत जातात. नकाशावरच्या उभ्या रेषा तशाच आहेत. विषुववृत्तावर दोन रेषांत १११ किलोमीटरचे अंतर असते, ध्रुवाकडे जावे तसे ते कमी होत जाते. आपण संत्र्याच्या मध्यापासून थोडे वर, सुमारे २० अंशांवर राहतो. इथे पूर्व-पश्चिम एक अंश साधारण साडेएकशे चार किलोमीटरचा भरतो.

आता मांडणी करू. सोनेगाव विमानतळ २१.०९ अंश उत्तर आणि ७९.०५ अंश पूर्व. लोहगाव १८.५८ उत्तर आणि ७३.९२ पूर्व. दक्षिणोत्तर फरक २.५१ अंश, गुणिले १११, म्हणजे २७९ किलोमीटर. पूर्व-पश्चिम फरक ५.१३ अंश, गुणिले १०४.५, म्हणजे ५३६ किलोमीटर. हा झाला एक काटकोन. गवंडी घराचा कोपरा गुण्यात आहे की नाही हे पाहायला एका भिंतीवर तीन हात, दुसऱ्या भिंतीवर चार हात मोजतो आणि तिरपे माप पाच हात आले की समजतो, कोपरा बरोबर. तीच रीत इथे. २७९ चा वर्ग आणि ५३६ चा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढले की ६०४ च्या वर काही येते. सुमारे ६०५ धरा. पृथ्वी गोल असल्याने खरा हिशेब थोडा अधिक बारकाईचा आहे, पण आपल्याएवढ्या अंतराला एखाद-दुसऱ्या किलोमीटरहून जास्त फरक पडत नाही.

वैमानिकांच्या कागदावर कधी ६०५ ऐवजी ३२७ असाही आकडा दिसेल. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ते लोक सागरी मैलात मोजतात आणि एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. आपल्याकडे जसे एकर आणि हेक्टर, तसेच.

हेच हवाई अंतर आपल्या कायद्यातही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. जुन्या साखर कारखान्याच्या किती जवळ नवा कारखाना काढता येईल, याला बंधन आहे. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ मध्ये २००६ साली दुरुस्ती होऊन हे अंतर १५ किलोमीटर ठरले, आणि महाराष्ट्रात पुढे ते २५ किलोमीटर करण्यात आले. हे किलोमीटर रस्त्याचे नव्हेत. ते सरळ रेषेतले, आणि ते मोजण्याचे काम भारतीय सर्वेक्षण विभागाचे. मधे नदी आली, पूल लांब असला, तर रस्त्याने पस्तीस किलोमीटर पडणारे ठिकाण हवाई अंतराने पंचविसाच्या आत येऊ शकते. गावात बसून "अहो, तो कारखाना तर पस्तीस किलोमीटर दूर आहे" अशी चर्चा झाली आणि कागदावर वेगळाच आकडा निघाला, तर त्याचे कारण हे आहे.

विमानतळांचेही असेच एक धोरण आहे. नव्या विमानतळांसाठी २००८ साली केंद्राने जे धोरण आखले, त्यात जुन्या नागरी विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत नवा विमानतळ काढायचा असेल तर जुन्यावर काय परिणाम होईल ते आधी तपासावे, असे ठरले. आपल्या नागपूरपासून अमरावतीचा बेलोरा विमानतळ सरळ रेषेत सुमारे १४१ किलोमीटरवर आहे आणि गोंदियाचा बिरसी विमानतळ सुमारे १३७ किलोमीटरवर. दोन्ही दीडशेच्या आतच. पण दोन्ही ठिकाणच्या धावपट्ट्या या धोरणाच्या आधीच्या. बिरसीची तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली.

सव्वा तासाचे विमान आणि साडेपाच तासांचा प्रवास

आता वेळेकडे वळू. सभेत दुसऱ्या एका सभासदांनी विचारले होते, "विमान तासाला आठशे किलोमीटर पळते म्हणता, मग सहाशे किलोमीटरला सव्वा-दीड तास का?"

हिशेब अगदी बरोबर आहे. मोठे जेट विमान उंचीवर पोचल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जाते. ६०५ ला ८३० ने भागले तर ४४ मिनिटे येतात. पण वेळापत्रकात सुमारे १ तास २० मिनिटे लिहिलेले असतात. बाकीचा वेळ कुठे गेला? वेळापत्रकातली वेळ ही उडल्यापासून उतरेपर्यंतची नसते. विमान जागेवरून हलले तेव्हापासून ते दुसऱ्या ठिकाणी जागेवर उभे राहीपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे आले, आपला नंबर लागेपर्यंत थांबणे आले. मग वर चढताना वेग कमी, उतरताना वेग कमी, आणि धावपट्टी ज्या दिशेची असेल त्या दिशेने यायला घ्यावा लागणारा वळसा. लोहगाव हे हवाई दलाचे ठाणे, तिथे लष्करी विमानांची ये-जा सांभाळावी लागते. शिवाय थोडा उशीर पोटात घालता यावा म्हणून कंपन्या वेळापत्रकात काही मिनिटे वाढवूनच धरतात.

वाऱ्याचाही वाटा असतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. म्हणून त्या दिवसांत पुण्याहून नागपूरला येताना वारा पाठीशी आणि जाताना अंगावर. सायकलीवर शेतातून घरी येताना वारा कसा लागतो ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे सांगायला नको. एकाच वाटेला जायला एक वेळ आणि यायला दुसरी, यात कोणाची लबाडी नाही.

काही जण विचारतात, विमानाने पुण्याला गेल्यावर घड्याळ बदलावे लागते का? नाही. साऱ्या देशाचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्वेच्या एकाच रेषेवर चालते. सूर्य मात्र घड्याळ पाहत नाही. तो एक अंश चार मिनिटांत ओलांडतो. नागपूर-पुण्यात पाच अंशांहून थोडा जास्त फरक, म्हणून आपल्याकडे मध्यान्ह पुण्याच्या सुमारे वीस मिनिटे आधी होते.

आता दारापासून दारापर्यंतचा हिशेब मांडू, कारण सभासदाला आणि कारखान्याला तोच महत्त्वाचा. कारखान्याच्या फाटकापासून सोनेगावला एक तास. विमान सुटण्याच्या एक तास आधी सामान देण्याची खिडकी बंद होते, तपासणीची रांग असते, म्हणून पावणेदोन तास आधी पोचावे लागते. विमानाचे १ तास २० मिनिटे. उतरून सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. लोहगावहून मांजरीला पुण्याच्या गर्दीतून एक तास. बेरीज झाली ५ तास ३५ मिनिटे.

म्हणजे पाहा, आठशेच्या वेगाचे विमान, पण ६०५ किलोमीटरला ५ तास ३५ मिनिटांनी भागले तर वेग पडतो ताशी ११० च्या आत. साडेपाच तासांतला हवेत गेलेला वेळ तास-सव्वा तास. बाकीचा सगळा वेळ जमिनीवरचा, आणि त्यातलाही मोठा भाग नुसता थांबण्याचा.

तरीही पुण्याच्या बाबतीत विमान जिंकते. वंदे भारतचे १२ तास आणि दोन्ही टोकांची ये-जा धरली तर रेल्वेने चौदा तासांवर जातात. जीपने जेवण-चहा धरून तेरा-चौदा तास. सकाळी निघून दुपारी मांजरीत काम आटोपायचे असेल तर विमानाशिवाय दुसरा मार्ग नाही.

जवळच्या गावाला विमान हरते

पण हाच हिशेब अमरावतीला लावून पाहा. बेलोरा विमानतळाचे उद्घाटन १६ एप्रिल २०२५ रोजी झाले आणि तेथून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. समजा, कोणी म्हणाले की नागपूर-अमरावती विमान सुरू करा. १४१ किलोमीटर, छोटे पंख्याचे विमान ताशी ५०० ने गेले तर कागदावर १७ मिनिटे. वा! पण चढणे, उतरणे, रांगणे धरून ती चाळीस मिनिटे होतील. आणि बाकीचे? विमानतळावर जाणे, पावणेदोन तास आधी पोचणे, सामान, मग बेलोऱ्याहून गावात जाणे. एकूण चार-साडेचार तास कुठेच गेले नाहीत. त्याऐवजी नागपुरातून मोटारीत बसलेला माणूस राष्ट्रीय महामार्गाने तीन तासांत अमरावतीत चहा पीत असतो.

म्हणूनच दोन विमानतळ जवळ असले तरी त्यांच्यामध्ये विमान सहसा उडत नाही. अमरावतीचे विमान मुंबईला जाते. तिथे त्याचा उपयोग आहे. ढोबळ नियम असा सांगता येईल: दोन्ही टोकांचा चार-साडेचार तासांचा वेळ ठरलेलाच आहे. साध्या रस्त्याने जेवढे अंतर तेवढ्या वेळात कापून होते, साधारण तीनशे किलोमीटर, त्याच्या आत विमानाचा विचार करू नये.

रस्ता सुधारला की ही हद्द आणखी लांब जाते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी. शिर्डीला काकडी गावाजवळ २०१७ पासून विमानतळही आहे. सोनेगावपासून काकडीपर्यंतचे हवाई अंतर काढले तर सुमारे ५१० किलोमीटर येते. म्हणजे हा रस्ता जवळजवळ कावळ्याच्या वाटेने गेला आहे. चांगल्या मोटारीने पाच-साडेपाच तासांत शिर्डी येते. आपला विमानाचा दारापासून दारापर्यंतचा हिशेबही जवळपास तेवढाच भरतो. तिथे विमान आणि मोटार बरोबरीत सुटतात, आणि मोटारीत चार माणसे बसतात.

नागपूरच्या मध्यरात्रीची गोष्ट

वेग कमी असूनही वेळ कसा वाचवता येतो याचे उत्तम उदाहरण आपल्या नागपूरनेच देशाला घालून दिले आहे. जुन्या माणसांना रात्रीच्या विमान टपालाची आठवण असेल. ३० जानेवारी १९४९ पासून ही योजना सुरू झाली. त्या वेळी दळणवळण मंत्री होते रफी अहमद किडवाई. रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून एकेक विमान टपालाच्या थैल्या आणि काही उतारू घेऊन निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या गावी परत.

अंतरे पाहा. नागपूरपासून सरळ रेषेत मुंबई सुमारे ६८०, दिल्ली ८५०, मद्रास ९०५ आणि कलकत्ता ९८५ किलोमीटर. सुरुवातीची विमाने डाकोटा जातीची, ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास जाणारी, म्हणजे आजच्या जेटच्या एकतृतीयांश वेगाची. तरी मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटपाला तयार. कारण काय? थैली कुठेच पडून राहत नव्हती. एक विमान उतरले की दुसरे तिथे उभे. कोणी कोणाची वाट पाहत बसायचे नाही, अशी वेळेची बांधणी होती. १९७३ पर्यंत हे चालू राहिले. नागपूर मध्यावर आहे याचा उपयोग नुसत्या नकाशाने झाला नाही. वेळ जुळवल्यामुळे झाला.

आता आपल्या उसाकडे

सभासद बंधूंनो, विमानाची एवढी कथा लावली ती या परिच्छेदासाठी.

आपल्या उसाचा प्रवास पाहा. लांबच्या गटातून ट्रॅक्टर-ट्रॉली २५ किलोमीटर येते. रस्ता खराब धरला तरी दीड-दोन तास. पण फडात कोयता लागल्यापासून ऊस गव्हाणीत पडेपर्यंतचा वेळ मोजा. तोडलेला ऊस मोळ्या बांधून फडात पडला, ट्रॉली संध्याकाळी यायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, भरायला दुपार झाली, मग काट्यावर रांग, मग वाडीत रात्रभर उभी. तीस-छत्तीस तास कसे गेले ते कळतही नाही. त्यात चाके फिरली किती वेळ? दोन तास. बाकी सगळे थांबणे. विमानासारखेच!

फरक एवढाच की विमानतळावर थांबलेला माणूस वाळत नाही. ऊस वाळतो. तोडल्या क्षणापासून त्याचे वजन घटू लागते, ते नुकसान ज्याचा ऊस त्याचे. आतली साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, त्याची साखर पोत्यात पडत नाही. तोडलेल्या टोकांतून जंतू शिरतात आणि रस चिकट होतो, तो गाळायला आणि शिजवायला अवघड. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे ऊन तापू लागले की हे सगळे दुपटीने होते. जळालेल्या उसाचे तर विचारूच नका. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असे म्हणतात ते याचसाठी.

आणि हे नुकसान एकट्याचे राहत नाही. उतारा साऱ्या कारखान्याचा मिळून निघतो आणि दर उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ, आणि खाली गेल्यास साडेनऊ टक्क्यांपर्यंत तेवढीच घट. टनाला हे ३४ रुपये ६० पैसे होतात. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाला उताऱ्याच्या एका दशांशामागे ३,४६० रुपयांचा फरक. ज्याने आपला ऊस वेळेवर घातला त्यालाही शेजाऱ्याच्या शिळ्या उसाचा भुर्दंड बसतो, तो असा.

म्हणून आमची विनंती अशी. "माझे शेत लांब पडते" एवढ्यावर समाधान मानू नका. शेत जवळ आणता येत नाही, पण घड्याळ जवळ आणता येते. टोळीला जेवढी गाडी त्या दिवशी भरायची तेवढाच ऊस तोडू द्या. मुकादमाने ट्रॉलीची वेळ पक्की केल्याशिवाय फडाला हात लावू देऊ नका. चिटबॉय चिठ्ठी फाडतो तेव्हा तारखेसोबत तोडणी सुरू झाल्याची वेळ लिहून घ्या, आणि काट्यावर वजनाच्या पावतीवरची वेळ तिच्याशी ताडून पाहा. तास जास्त दिसले तर शेतकी विभागाला विचारा. फडातला वेळ तुमच्या हातचा, पण काट्यापासून गव्हाणीपर्यंतचा वेळ आमच्या हातचा आहे. तिथे रांग लागली तर जाब आम्हाला विचारायचा. टपालाच्या थैल्या पंचाहत्तर वर्षांपूर्वी सोनेगावला वाट पाहत नव्हत्या, तर आपला ऊस गव्हाणीसमोर का पाहावा?

प्रवासखर्चाचा निकाल

आता राहिले बिलांचे. तिन्ही आकडे खरे असले तरी तिन्ही खर्च योग्य होते असे आम्ही म्हणणार नाही. पुन्हा तपासून पाहिले. एक फेरी सकाळच्या विमानाने जाऊन त्याच रात्री परतण्याची होती. तिने एक मुक्काम आणि दोन दिवसांची हजेरी वाचली. ती योग्य होती. दुसऱ्या फेरीत मात्र माणूस विमानाने दुपारी पोचला आणि काम दुसऱ्या दिवशी सकाळचे होते. मुक्काम पडलाच. वाचलेले आठ तास लॉजच्या खोलीत गेले. रात्रीच्या रेल्वेने गेला असता तर तेच काम कमी पैशात झाले असते. ही चूक ठरवणाऱ्यांची, म्हणजे आमचीच, आणि ती इथे मान्य करतो.

यापुढे प्रवासाच्या प्रत्येक बिलात किलोमीटरच्या शेजारी दोन रकाने राहतील: फाटकातून निघाल्याची वेळ आणि कामाच्या ठिकाणी पोचल्याची वेळ. विमानाने गेल्यास किती तास वाचले आणि त्या तासांत काय काम झाले, तेही एका ओळीत लिहावे लागेल. पुढच्या सभेत पुस्तिका हातात घेऊन कोणी उभे राहिले तर उत्तर तिथल्या तिथे मिळेल.

प्रश्न विचारणाऱ्या त्या जुन्या सभासदांचे आम्ही आभारी आहोत. सभेत हसलेल्यांनी या हंगामात आपल्या उसाच्या चिठ्ठीवरची वेळ एकदा मोजून पाहावी, एवढीच विनंती.

संपादक मंडळ